सांगितलं तर कुणी नेत नाही, लपवलं तर परत येतो

स.न.वि.वि.
बेळगाव-खानापूर रस्त्याच्या बाजूला एक लहानसं प्राणी निवारा केंद्र आहे, तिथे मी स्वयंसेविका आहे. आमच्याकडे बंड्या नावाचा गावठी कुत्रा चार वर्षांपासून आहे. वय सहाच्या आसपास, वजन 16 किलो. गाडीच्या धडकेत पाठीच्या मध्यावर मणका मोडला, तेव्हापासून कमरेखालचं काही चालत नाही. लघवी हाताने दाबून काढावी लागते. चाकांच्या गाडीवर मात्र झकास पळतो. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की 'बिचारा' म्हणून शंभर जण लिहितात, न्यायला कुणी येत नाही. गेल्या वर्षी बेळगावात टिळकवाडीतल्या एका नोकरदार जोडप्याने फॉस्टर म्हणून, म्हणजे मालकी केंद्राकडे ठेवून घरी सांभाळायला, नेला. लघवीचं आम्ही नीट सांगितलं नव्हतं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा घर बंद. घरभर वास येतो म्हणून दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी परत आणून सोडला. आता दोन ठिकाणांहून विचारणा आहे. निपाणीला एक निवृत्त सैनिक आणि त्यांची पत्नी (तळमजला, मागे परडं, दोघंही दिवसभर घरी), आणि बेळगावातच हिंदवाडीत भाड्याने दुसऱ्या मजल्यावर राहणारा, घरूनच काम करणारा तरुण (लिफ्ट नाही, घरमालकाची लेखी संमती नाही). खरं सांगितलं तर कुणी नेत नाही, लपवलं तर परत येतो. काय करावं? पावसाळाही तोंडावर आला आहे.
एक स्वयंसेविका, खानापूर तालुका

ताई,

आधी टिळकवाडीचं बघू. तिथे नेमकं काय चुकलं ते कळल्याशिवाय पुढचं घर ठरवता यायचं नाही.

त्या जोडप्याला कुत्र्याची किळस आली किंवा ते निर्दयी निघाले, असं मनात धरू नका. घर दहा तास बंद होतं, म्हणजे बंड्याचं मूत्राशय दहा तास तुंबलेलं होतं. पाठीचा कणा तुटलेल्या कुत्र्याला लघवी लागल्याचं कळत नाही. मूत्राशय भरत जातं, ताणलं जातं, आणि मावेनासं झालं की थेंब थेंब गळू लागतं. लोकांना वाटतं, होतेय की लघवी आपोआप. ती होत नसते, ती उतू जात असते. आत उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, मग उग्र वास येतो, आणि हे असंच चाललं तर जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. पुन्हा पुन्हा ताणल्याने मूत्राशयाचा स्नायूही सैल पडतो आणि पुढे दाबूनही ते पुरतं रिकामं होत नाही. त्या घरात आलेला वास हे आजाराचं लक्षण होतं, आणि ते ओळखायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून लपवण्याचा प्रश्न इथेच मिटवून टाका. लपवल्याने घर जातं ते जातंच, बंड्याचं मूत्रपिंडही पणाला लागतं.

आता घर कसं शोधायचं? तुमच्या फोटोंवर 'बिचारा' लिहिणाऱ्यांत दयाळू माणसं पुष्कळ आहेत, त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. बंड्याला हवं आहे ते ठरावीक वेळी माणूस असणारं घर. त्याची लघवी दिवसातून चार वेळा काढावी लागते. म्हणा, सकाळी साडेसहा, दुपारी साडेबारा, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेदहा. रात्रीचा सोडला तर मधलं अंतर सहा तासांच्या वर जाता कामा नये, आणि रात्रीचंही आठच्या वर नको. येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारा: या चार वेळांना घरात कोण असतं? 'आम्ही बघू कसंतरी' हे उत्तर आलं तर तिथेच आभार माना. नाव घेऊन उत्तर आलं, 'दुपारी मी, रात्री मुलगा', तर पुढे बोला.

आणि त्या नाव घेतलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. आपल्याकडे हौस मुलीची असते आणि दुपारची पाळी येते आईच्या किंवा सासूच्या वाट्याला. तिला कुणी विचारलेलंच नसतं. देवघर, सोवळं, स्वयंपाकघराची वाट, यांचा निकालही आधीच लावा. कुत्रं सोप्यात राहणार की मधल्या घरात, देवघराकडे जाणार की नाही, हे त्या घरातल्या थोरल्या बाईने ठरवावं. तिने एकदा ठरवलं की ती ते सांभाळते. तिच्या डोक्यावर लादलं की आठ दिवसांत कुरबुर सुरू.

आवाहनात काय लिहावं याचा एक नमुना देतो, तुमच्या माहितीप्रमाणे बदला:

'बंड्या. गावठी, अंदाजे सहा वर्षं, 16 किलो. मागचे पाय चालत नाहीत, चाकांच्या गाडीवर फिरतो. लघवी दिवसातून चार वेळा हाताने दाबून काढावी लागते, एका वेळी पाच मिनिटं लागतात. आम्ही शिकवतो, जमेपर्यंत सोबत राहतो. दिवसा घरात माणूस आणि तळमजला हवा. औषध, लस, डॉक्टर आणि गाडीची दुरुस्ती केंद्राकडे. जेवण आणि वेळ तुमचा. पहिले पंधरा दिवस चाचणीचे. जमलं नाही तर आम्ही स्वतः येऊन नेऊ.'

यात 'बिचारा', 'अभागी', 'कुणीच नाही त्याला' असलं काही नको. तो मजकूर वाचून माणूस हळहळतो आणि पुढे सरकतो. याउलट 'पाच मिनिटं' आणि 'आम्ही शिकवतो' वाचून एखादा मनात हिशेब मांडतो. असा हिशेब मांडणारा माणूसच पुढे टिकतो. सोबत दोन व्हिडिओ जोडा: एक गाडीवर पळतानाचा, दुसरा लघवी काढतानाचा, न कापता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दुसरा व्हिडिओ बघून दहातले नऊ जण मागे फिरले तरी चालेल, दहावा पूर्ण माहिती घेऊन येईल.

हाच मजकूर कन्नडमध्येही हवा, आणि तो घरात कन्नड बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, मोबाइलवर भाषांतर करून नको. आपल्या भागात कुत्र्यावर जीव असणारी कितीतरी घरं मराठी फलक वाचत नाहीत. पशुवैद्यकीय दवाखाना, दूध डेअरी, वाचनालय, माजी सैनिकांच्या कँटीनजवळचा फलक, या जागा आम्हाला इंटरनेटपेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे निवृत्त जवानांची घरं जिल्हाभर आहेत. घड्याळाप्रमाणे वागायची सवय आणि जखम बघून न दचकणारा स्वभाव, दोन्ही तिथे सापडतात. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी हौशी असतात, पण परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे त्यांना मुख्य फॉस्टर करू नका. फिजिओथेरपी शिकणारे असतील तर त्यांच्याकडून पायांचे व्यायाम करून घ्या, ते त्यांना उत्तम जमतं.

आता तुमची दोन घरं. आमचं मत निपाणीकडे झुकतं. तळमजला आहे, मागे परडं आहे, दोघंही दिवसभर घरी. पण एक गोष्ट मोकळेपणाने विचारा: 16 किलोचं कुत्रं कोण उचलणार? साठी ओलांडलेल्या माणसाने दिवसातून चारदा वाकून ते उचललं तर महिन्याभरात पाठ धरेल आणि बंड्या परत येईल. उचलायची गरजच पडू नये अशी सोय करा. जुना पंचा किंवा मऊ चादर घडी करून मागच्या पायांच्या पुढे, पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. पुढचे पाय तो स्वतः टाकतो, मागचा भार पंच्यावर येतो. लघवी काढताना कमी उंचीच्या स्टुलावर बसा, उभ्याने वाकू नका.

हिंदवाडीच्या मुलाला नाही म्हणू नका, त्याला दुसरं घर करा. दुसरा मजला, लिफ्ट नाही आणि घरमालकाची लेखी संमती नाही, एवढ्यावर कायमचा मुक्काम होत नाही. पण निपाणीकरांना लग्नाला किंवा जत्रेला जायचं झालं तर चार-सहा दिवस तो बंड्याला ठेवू शकतो. म्हणून शिकवताना दोन्ही घरांना शिकवा. अशा कुत्र्यांची फॉस्टर घरं बहुतेकदा तुटतात ती सुट्टीच्या दिवशी. घरच्यांना गावाला जायचं असतं, केंद्र म्हणतं जागा नाही, आणि मग मनं दुखावतात.

लघवी काढणं हा सगळ्याचा कणा आहे, म्हणून ते सविस्तर. बंड्याला उभा धरा किंवा कुशीवर झोपवा. दोन्ही हातांचे तळवे सपाट ठेवून, मांड्यांच्या किंचित पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना लावा. हळूच चाचपलं की आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काही हाताला लागतं. थोडं भरलेलं असेल तर लिंबाएवढं, तुंबलेलं असेल तर मोसंबीएवढं किंवा त्याहून मोठं. तळव्यांनी दोन्हीकडून सारखा, सावकाश दाब द्या, दिशा मागे शेपटीकडे. बोटांची टोकं खुपसू नका, झटके देऊ नका. पहिल्या काही सेकंदांत काही येत नाही, तेव्हा दाब वाढवण्याऐवजी तेवढाच धरून ठेवा, मग धार सुटते. धार थांबली की हात सैल सोडा, दोन श्वास थांबा, पुन्हा दाबा. आतला फुगा हाताला लागेनासा झाला म्हणजे काम झालं.

मणका पाठीच्या मध्यावर मोडलेल्या कुत्र्यांत मूत्राशयाचं तोंड सहसा आवळलेलं राहतं, त्यामुळे दाबताना विरोध जाणवतो. कमरेच्या खालच्या मणक्यांना मार असेल तर उलट, तोंड सैल आणि लघवी सतत गळणारी. बंड्याचा प्रकार कोणता ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आवळलेलं असेल आणि फार जोर लागत असेल तर तोंड सैल करणारी गोळी असते, ती द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. जोर लावून दाबणं हा त्यावर उपाय नाही. अडलेल्या मूत्राशयावर जोर केला तर ते फाटू शकतं.

मापाचा प्लास्टिकचा कप वापरा आणि दर वेळी किती निघाली ते वहीत लिहा. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 20 ते 40 मिली लघवी होते, म्हणजे बंड्याच्या वजनाला दिवसभरात 320 ते 640 मिली. चार वेळांत वाटली तर एका वेळी 80 ते 160. आधी केंद्रात आठवडाभर मोजा, म्हणजे त्याचा स्वतःचा आकडा कळेल. फॉस्टर घरी तो एकाएकी निम्म्यावर आला तर बहुधा दोनपैकी एक: नीट रिकामं होत नाही, किंवा तो पाणी पीत नाही. बारा तासांत थेंबही निघाला नाही तर त्याच दिवशी दवाखाना. लघवी गढूळ, तांबूस किंवा कुजक्या वासाची झाली, जेवण कमी झालं, अंग तापलं, तरीही दवाखाना. उरलेली अँटिबायोटिकची गोळी मनाने देऊ नका. अर्धवट दिलेल्या गोळ्यांना जंतू दाद देईनासे होतात, आणि बंड्याला हा संसर्ग आयुष्यभर पुन्हा पुन्हा होण्याची शक्यता आहे. लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत आणि कोणतं औषध त्यांना लागू पडेल याची तपासणी) करून मगच औषध ठरवावं, असा आग्रह डॉक्टरांकडे धरा. निपाणीच्या जवळ ही तपासणी कुठे होते ते बंड्या तिकडे जाण्याआधी विचारून ठेवा.

शौचाचं तितकं अवघड नाही. लघवी काढून झाली की कोमट पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने गुदद्वाराभोवती हलकेच पुसा, बहुतेकांना त्याने शी होते. जेवणाच्या वेळा आणि जेवण बदललं नाही तर शीही ठरलेल्या वेळी होते. म्हणून केंद्रात जे खातो तेच पहिले दहा दिवस, मग सात-आठ दिवसांत हळूहळू नवीन. निपाणीच्या आजींना प्रेमाने कुंदा, पेढा भरवावासा वाटेल. तो नको. गोडाने वजन वाढतं, आणि मागचा भार घेणारे पाय नसल्यामुळे वाढलेला प्रत्येक किलो पुढच्या खांद्यांवर येतो. हात फिरवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत. कांदा-लसणाची फोडणी दिलेली आमटी, द्राक्षं आणि बेदाणे, चॉकलेट हेही नको.

जखमा कुठे होतात ते फॉस्टरला बोट ठेवून दाखवा: दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या हाडावर, बसायच्या हाडांवर, मागच्या पायांच्या टाचेवर आणि बोटांच्या वरच्या बाजूला. तिथे केस झडले किंवा कातडी लाल झाली की चट्टा पडायला फार वेळ लागत नाही. चार इंची फोम, त्यावर रेक्झिनचं कव्हर, त्यावर सुती चादर, असं अंथरूण करा. नुसत्या रेक्झिनवर लघवी साचते, नुसत्या सुती गादीत मुरते. दिवसा दर चार तासांनी कूस बदला. लघवी काढून झाली की मांड्यांच्या आतली बाजू कोमट पाण्याने धुवा, कोरडी पुसा आणि खोबरेल तेलाचा पातळ हात लावा. झिंक असलेली मलमं लावू नका. तो ती चाटतो आणि पोटात गेलेलं झिंक कुत्र्याला विषारी ठरतं. कपाटातल्या आपल्या दुखण्याच्या गोळ्याही नकोत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होतं.

फरशीचं बोलू. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि टाइल्सवर पुढचे पायही घसरतात, तिथे रबरी मॅटच्या पट्ट्या अंथरा. शहाबादीवर तो बरा चालतो, पण तिच्या खडबडीत कडांवर मागच्या बोटांची कातडी सोलते, म्हणून मोजे किंवा ओढत चालताना घालायची कॅनव्हासची पिशवी द्या. ही पिशवी तासा-दोन तासांसाठीच, आत ओलं झालं की लगेच काढायची. सारवलेल्या जमिनीवर त्याला ठेवू नका, लघवी मुरते आणि माशा जमतात. पुसायला साबणाचं पाणी पुरतं. फिनेलवर पोट घासत गेला तर कातडी जळजळते, आणि लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकली तर घसा धरणारा वायू सुटतो. वास घालवायला पुष्कळजण व्हिनेगर सांगतात. टाइल्सवर ठीक आहे, शहाबादी मात्र चुनखडीचा दगड, त्यावर डाग पडतात आणि घरमालकाची तक्रार वेगळीच.

जुन्या घरांना उंच उंबरठे असतात. सहा इंचांच्या उंबरठ्याला निदान तीन फूट लांबीची फळी उतरती लावा आणि तिच्यावर काथ्याचं पायपुसणं खिळ्यांनी ठोका. खिळ्यांची डोकी आत बुडालेली हवीत.

गाडीसोबत मापांचा कागद द्या: कमरेची रुंदी, जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची, खांद्यापासून खुब्यापर्यंतची लांबी. पीव्हीसी पाइपची गाडी असेल तर ती निपाणीतला कोणताही प्लंबर त्या कागदावरून दुरुस्त करू शकतो. नव्या जागी सुरुवातीला पंधरा-पंधरा मिनिटं दोन वेळा, आणि दर वेळी गाडीतून काढल्यावर जांघ आणि छाती तपासायची. पट्टा घासून लाल झाला असेल तर तिथे मऊ कापड गुंडाळा. गाडीत असताना त्याला एकटं सोडायचं नाही. गाडीत त्याला आडवं होता येत नाही, शिवाय गल्लीतल्या उघड्या गटारात एक चाक गेलं की गाडी उलटते आणि तो तसाच लटकून राहतो. मागच्या पायांची नखं झिजत नाहीत, ती महिन्यातून एकदा कापा.

पावसाचं तुम्ही बरोबर लिहिलंत. शक्य असेल तर मृग लागण्याआधीच बंड्याला हलवा, म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आत नवीन घराचा हात बसेल. ओलसर हवेत कातडी वाळत नाही, लघवीच्या वासाने माशा येतात, आणि माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात किडे बाहेर पडतात. बंड्याला मागे दुखत नाही, म्हणून तो ओरडणार नाही. माणसालाच शोधावं लागतं. पावसाळ्यात रोज दोनदा शेपटीच्या खाली, मांड्यांच्या आत आणि पंजांच्या बेचक्यात टॉर्च लावून बघायचं. तांदळाच्या कण्यांसारखे पांढरट पुंजके केसांना चिकटलेले दिसले तर ती अंडी, तेवढे केस कापून टाका. किडे दिसले तर रॉकेल, फिनेल, टर्पेंटाइन यातलं काही ओतू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. साचलेल्या पाण्यात त्याला उतरू देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) जंतुरोग त्याच पाण्यात येतो, आणि बंड्याचं पोट सतत जमिनीला लागलेलं असतं. वर्षाची लस, रेबीजची लस आणि गोचिडाचं औषध जाण्याआधी आटपा.

हे सगळं नुसतं सांगून कुणाला येत नाही, त्यासाठी माणसांना केंद्रात बोलवा. निपाणीकरांनी निदान तीनदा यावं, वेगवेगळ्या वेळी. पहिल्यांदा तुम्ही करा, त्यांनी बघावं. दुसऱ्यांदा त्यांच्या हातांवर तुमचे हात. तिसऱ्यांदा तुम्ही दोन पावलं मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही. नवरा-बायको दोघांनीही एकेकदा एकट्याने पूर्ण लघवी काढली, आणि त्यानंतर तुम्ही चाचपून बघितल्यावर आत काही उरलं नाही, तरच तारीख ठरवा. एकालाच येत असेल तर अजून थांबा. त्या एका माणसाला ताप आला की सगळं कोलमडतं.

तोवर बंड्याचीही तयारी करा. चार वर्षं केंद्रात काढलेल्या कुत्र्याने कुकरची शिट्टी, मिक्सर, छताचा पंखा, टीव्ही यातलं बहुधा काही ऐकलं-पाहिलेलं नसतं. त्याला रोज तासभर केंद्राच्या ऑफिसात ठेवा, तिथे रेडिओ लावा, माणसांची ये-जा असू द्या. बाजूच्या खोलीतल्या कुत्र्यांमुळे तो जेवताना गुरगुरत असेल तर ते लपवू नका. घरी तो एकटा जेवला की बहुतेकदा ते कमी होतं, पण घरात लहान मूल येणार-जाणार असेल तर जेवताना मधे दार हवंच. कुणाला दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा, लस दिलेली असली तरीही. गणपती विसर्जनाची डॉल्बी, दिवाळीचे फटाके आणि शिवजयंतीची मिरवणूक यांच्या आठवड्यात नवीन घरी नेऊ नका. घाबरलेला कुत्रा पळतो, आणि हा पळताना कातडी सोलून घेतो.

करार एका कागदाचा पुरे, मराठीत आणि कन्नडमध्ये. मालकी केंद्राची राहील, शस्त्रक्रियेचा निर्णय केंद्र घेईल, खर्च कुणाचा काय, मध्येच जमेनासं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत रस्त्यावर सोडायचं नाही. जनावराला असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. त्यांना भीती घालायला हे नको, सही करताना ते वाक्य कागदावर असावं एवढंच. उद्या महाराष्ट्रातलं, कागल किंवा चंदगडकडचं घर मिळालं तर हद्द ओलांडून लसीचं पुस्तक आणि कराराची प्रत बंड्याबरोबर जाऊ द्या आणि तिथल्या पालिकेत कुत्र्याच्या नोंदणीचा नियम काय आहे ते आधीच विचारा.

भाषेचं एक व्यवहारातलं. तालुक्याच्या दवाखान्यातला केसपेपर कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या मंडळींना तो वाचता येत नाही. म्हणून दोन कागद करा. घरात भिंतीवर लावायचा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरात: वेळा, औषधं, धोक्याची लक्षणं, दोन फोन नंबर. डॉक्टरांसाठीची फाइल वेगळी: दुखापतीचा इतिहास, एक्स-रे, आधी दिलेली अँटिबायोटिक्स, कोणतं लागू पडलं, कोणतं नाही.

नेताना भाड्याची गाडी करा, मागच्या सीटवर त्याचं तेच अंथरूण, न धुतलेलं, म्हणजे ओळखीचा वास राहील. निघण्याआधी लघवी काढा, पोहोचल्यावर लगेच पुन्हा. तुमच्यापैकी एकाने पहिल्या रात्रीची साडेदहाची वेळ होईपर्यंत तिथे थांबावं. नव्या जागी घाबरून अंग आवळतं आणि नेहमीचा हात असूनही धार सुटत नाही. तेव्हा निपाणीकरांना वाटेल आपल्यालाच जमत नाही. त्या घडीला तुम्ही शेजारी असाल तर निम्मं काम झालं. पहिला आठवडा रोज रात्री फोन करून वहीतले आकडे विचारा. 'कसा आहे?' विचारलं की 'बरा आहे' असंच उत्तर येतं. 'दुपारी किती मिली?' विचारलं की खरं कळतं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, आणि पंधराव्या दिवशी स्वतः जाऊन कातडी, वजन आणि मूत्राशय तपासा.

तरीही नाहीच जमलं आणि त्यांनी फोन केला तर 'काय झालं?' यापेक्षा 'कधी येऊ?' हे आधी विचारा, आणि दोन दिवसांच्या आत जा. दोष देऊ नका. बोल लावलेला माणूस पुढच्या वेळी फोन करत नाही, गुपचूप कुणाला तरी देऊन टाकतो. परत आल्यावर त्यांच्याकडची वही मागून घ्या. कोणत्या वेळेला चुकत होतं ते तिच्यात दिसेल, आणि आवाहनातलं कुठलं वाक्य बदलायचं तेही.